अर्धा लिटर पेट्रोल

कामठी रोडवरच्या पेट्रोल पंपावर कवडू रामटेकेला सगळे 'मास्तर' म्हणत. शाळेत त्याने कधी शिकवलं नव्हतं. दहावी होऊन तो जो पंपावर लागला, तो सव्वीस वर्षं तिथेच. पण हातात नोझल असताना त्याचं तोंड थांबत नसे. "साहेब, झीरो पाहून घ्या" हे तर सगळेच म्हणतात. कवडूचं त्याच्या पुढे सुरू व्हायचं. इंजिन बंद करा. मोबाइल खिशात ठेवा. ताई, लेकराले खाली उतरवा, त्याले गाडीवर बसवून मी पेट्रोल टाकत नाही. कोणी वैतागून दुसऱ्या नोझलकडे वळलं, तर हा तिथूनही ओरडून सांगायचा.

बाटलीत पेट्रोल मागणाऱ्याची तर त्याच्याकडे धडगत नव्हती. एकदा त्याचा सख्खा साळा बाटली घेऊन आला. गाडी अर्ध्या किलोमीटरवर बंद पडली होती, मे महिन्याचं ऊन होतं. कवडूने त्याला थंड पाणी पाजलं आणि म्हटलं, "गाडी ढकलत आण. बाटलीत नाही देत." साळा वर्षभर घरी आला नाही. यमुना, कवडूची बायको, भावाची बाजू घेऊन पंधरा दिवस धुसफुसत राहिली. कवडूने मनावर घेतलं नाही. नियम म्हणजे नियम.

पंपावर दरवर्षी आग विझवण्याचं प्रशिक्षण होई. कंपनीचा माणूस यायचा, वाळूच्या लाल बादल्या, सिलिंडर, सगळं करून दाखवायचा. त्यातला एक भाग तो दरवेळी कवडूवर सोपवायचा, कारण कवडू तो त्याच्यापेक्षा चांगला सांगत असे. "हे पाहा गा," कवडू नव्या पोरांना सांगे, "भरलेल्या टाकीले भिऊ नका, अर्ध्या रिकाम्या टाकीले भ्या. पेट्रोल नाही पेटत, त्याची वाफ पेटते. तळाशी थोडंसं पेट्रोल अन् वर सगळी वाफ, त्याच्यासारखी वंगाळ गोष्ट नाही." हे त्याने बावीस-तेवीस वेळा तरी सांगितलं असेल.

म्हणजे त्याला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच नव्हती.

त्याची एकुलती एक मुलगी उन्नती गेल्या वर्षी पुण्याला एका लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून लागली. पोरगी पहिल्यांदाच घराबाहेर गेली होती. दोन महिने शेअर रिक्षाने धक्के खाल्ल्यावर तिने आपली स्कूटी मागवली. नागपुराहून रोज संध्याकाळी ट्रॅव्हल्स सुटतात, सामानाच्या डिक्कीत दुचाकीही टाकून नेतात. कवडूने गणेशपेठेतल्या एका पार्सल ऑफिसात चौकशी केली. गाडी पाठवायच्या आदल्या दिवशी उन्नतीचा फोन आला.

"बाबा, गाडी मले पहाटे साडेपाचले उतरवून घ्यायची आहे. तिथून पंप दोन किलोमीटर दूर आहे, अन् पुरा चढाव. थोडंसं पेट्रोल राहू देजा ना आत."

"नाही राहू देत ते लोक."

"थोडंसं गा बाबा. पंपापर्यंत पोचण्यापुरतं."

"पाहतो," कवडू म्हणाला.

ऑगस्टचा महिना होता. दुपारी चार वाजता तो स्कूटी घेऊन पार्सल ऑफिसात पोचला. ऑफिस म्हणजे एक टेबल, एक वजनकाटा आणि भिंतीवर पाटी: 'दुचाकीतील पेट्रोल पूर्ण काढल्याशिवाय गाडी स्वीकारली जाणार नाही.' टेबलामागच्या बाबूने बिल्टी, म्हणजे पार्सलची पावती, फाडली. तिच्यावरही तेच छापलेलं होतं, आणि कवडूने खाली सही केली.

पेट्रोल काढायचं काम धोंडबा करायचा. पन्नाशी ओलांडलेला, बारीक, गळ्यात लाल गमछा. त्याने टाकीत नळी घातली, तोंडाने ओढली, थुंकला आणि नळीचं टोक पाण्याच्या रिकाम्या बाटलीत सोडलं. शेवटच्या थेंबापर्यंत गाडी तिरपी करून करून त्याने पेट्रोल काढलं. बाटली अर्धीअधिक भरली. ती कवडूच्या हातात देऊन तो म्हणाला, "घ्या भाऊ, तुमचा माल. मी जरा चहा घेऊन येतो, तोंड कडू झालं."

बाबू फोनवर होता. ट्रॅव्हल्सला वेळ होता. कवडू बाटली हातात धरून स्कूटीजवळ उभा राहिला. त्याच्या डोळ्यांसमोर पुण्याचा एक चढाव आला, जो त्याने कधी पाहिलाच नव्हता. अंधुक उजेडात आपली पोरगी गाडी ढकलून राहिली आहे, मागून ट्रक येऊन राहिले आहेत. त्याने झाकण उघडलं आणि बाटली आत ओतली. झाकण फिरवून बंद केलं, बाटली भिंतीशी ठेवली. मिनिटभराचंही काम नव्हतं.

धोंडबा आला. त्याने आणि दुसऱ्या एका हमालाने गाडीला पोती, पुठ्ठा गुंडाळून ती डाव्या बाजूच्या डिक्कीत आडवी सरकवली. तिथे आणखी दोन मोटारसायकली होत्या; त्या धोंडबाने आधीच कवडूसमोर रिकाम्या केल्या होत्या. पाच वाजता ट्रॅव्हल्स सुटली. कवडू घरी आला तो खुशीतच. त्या खुशीची त्याला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली.

सकाळी पावणेसहाला उन्नतीचा फोन. "बाबा, ट्रॅव्हल्स आली नाही. ड्रायव्हरचा फोन लागत नाही." सात वाजता दुसरा. या वेळी ती रडत होती.

पहाटे अडीचच्या सुमाराला, नगरच्या अलीकडे, रस्त्यावर अर्धा बाहेर उभा असलेला एक लोखंड भरलेला ट्रक ड्रायव्हरला उशिरा दिसला होता. त्याने गाडी उजवीकडे घेतली, पण डावी बाजू ट्रकच्या कोपऱ्याला घासत गेली. पत्रा फाटला, डिक्कीचं दार उखडलं. ट्रॅव्हल्स उलटली नाही, नुसती पुढे जाऊन थांबली. तेवढ्याने कोणाला खरचटण्यापलीकडे काही झालं नसतं. पण थांबता थांबता डिक्कीतून आगीचा लोळ उठला.

"माणसं?" कवडूने विचारलं.

"सगळे निघाले म्हणतात."

"सगळे?"

"हो बाबा, सगळे. बत्तीसच्या बत्तीस."

त्याने पुन्हा एकदा विचारलं. मग फोन यमुनाच्या हातात देऊन तो मोरीत गेला आणि नळ सोडून बसून राहिला.

दुपारपर्यंत मोबाइलवर व्हिडिओ आला. सांगाडा उरलेली गाडी, आणि रस्त्यावर बसलेली माणसं. खाली बातमी होती: अकरा जण जखमी, त्यातल्या खाप्याच्या सत्यवती धकाते, वय बावन्न, यांचे दोन्ही हात भाजले, प्रकृती गंभीर. कवडूने ते नाव चार वेळा वाचलं. खापा त्याला माहीत होतं. कन्हानच्या काठचं गाव, कधीतरी एका लग्नाला गेला होता.

आठ-दहा दिवसांनी नगरकडचा एक हवालदार चौकशीला नागपुरात आला. पार्सल ऑफिसात तिन्ही दुचाकींच्या मालकांना बोलावलं होतं. हवालदार साधा माणूस होता, घाम पुसत पुसत लिहीत होता. तो म्हणाला, "तपासणीवाल्या साहेबांचं म्हणणं असं, की घासल्याने ठिणगी पडली, वायरीही तुटल्या. पण एवढा भडका नुसत्या वायरींनी होत नाही. आत पेट्रोल असणार. तर मला एवढंच सांगा, तुमच्या गाड्यांचं पेट्रोल काढलं होतं का?"

पहिला मालक म्हणाला, मी गाडी देऊन लगेच गेलो, पाहिलं नाही. दुसरा म्हणाला, काढलं असेल, हमाल नळी घेऊन उभा होता. मग सगळ्यांनी कवडूकडे पाहिलं. दारात धोंडबा उभा होता. तोही पाहत होता.

कवडूला खोटं बोलायचं नव्हतं. खरं बोलायलाही त्याची जीभ वळली नाही. तो म्हणाला, "काढलं का नाही, मले माहीत नाही. मी लक्ष नाही दिलं."

हवालदाराने लिहून घेतलं, कवडूने खाली सही केली. त्या ऑफिसातली त्याची दुसरी सही.

पंधरा दिवसांनी बिल्टीची प्रत द्यायला तो पुन्हा गेला, तेव्हा नळी दुसऱ्याच हमालाच्या हातात होती. "धोंडबा कुठी गेला?" त्याने विचारलं. बाबू म्हणाला, "त्याले काढलं मालकानं. कामचुकार माणूस. पेट्रोल तसंच ठेवलं अन् सगळ्यांचा जीव घेऊन राहिला होता. अठरा वर्षं काम केलं म्हणून पोलिसात नाही दिलं, हेच खूप."

कवडूने मान हलवली. बाहेर येऊन त्याने गाडी सुरू न करता चौकापर्यंत ढकलत नेली.

त्या दिवसापासून मास्तर पंपावर बोलेनासा झाला. नोझल घातलं, झीरो दाखवला, काढलं. एकदा एक बाई कडेवर मूल घेऊन गाडीवर बसूनच पेट्रोल भरून गेली आणि कवडूने तोंड उघडलं नाही. कोणत्या तोंडाने सांगायचं? दर रविवारी तो वस्तीतल्या विहारात वंदनेला जायचा. पंचशील म्हणताना तीन शीलं सगळ्यांच्या आवाजात त्याचाही आवाज असे; चौथ्याला, खोटं न बोलण्याच्या शीलाला, त्याचे ओठ नुसते हलत. आपल्या शेजारच्याला हे कळत असेल, असं वाटून तो मागच्या रांगेत जाऊन बसू लागला. मग जायचाच बंद झाला.

यमुनाने एक दिवस जेवताना ताट बाजूला सारलं. "काय झालं ते सांगून टाका. तुम्ही असे घरात हिंडता, जसं कोणी मेलं हाये."

त्याने सांगितलं.

"तुमचीच गाडी पेटली कशावरून? तीन होत्या ना."

"दोन धोंडबानं रिकाम्या केल्या. माझ्यासमोर केल्या, यमुना. फक्त माझी भरली होती."

"ट्रॅव्हल्सचं डिझेल नव्हतं का?"

"होतं. वायरी होत्या. सगळंच होतं. मीही होतो."

यमुनाने डोळ्यांना पदर लावला. "उन्नतीले नका सांगू," ती म्हणाली. "तिच्या बोलण्यावरून तुम्ही ओतलं, हे तिले कळलं तर पोरगी कामातून जाईल. कोणी मेलं नाही. गप राहा."

कवडू गप राहिला. पोरीसाठी गप आहोत, असं म्हटलं की तास-दोन तास बरं वाटे. मग वाटे, ओतलं तेव्हाही पोरीसाठीच ओतलं होतं.

नोव्हेंबरात प्रशिक्षणाचा दिवस आला. कंपनीचा माणूस सवयीने म्हणाला, "चला मास्तर, वाफेचं तुम्ही सांगा." समोर नवी सहा पोरं-पोरी हिरव्या शर्टात उभी होती. कवडू पुढे आला. "भरलेल्या टाकीले भिऊ नका," एवढं म्हणाला. पुढचं वाक्य येईना. सगळे वाट पाहत राहिले. त्याने हातातली वाळूची बादली खाली ठेवली, मालकाच्या केबिनमध्ये जाऊन उद्याची सुट्टी मागितली आणि घरी निघून गेला.

धोंडबा कळमन्याच्या मिरची बाजारात हमाली करतो, हे त्याला गणेशपेठेतल्या चहावाल्याने सांगितलं. कवडू सकाळीच तिथे पोचला. लाल मिरचीचे ढीग, हवेत तिखट ठसका, प्रत्येक जण शिंकत-खोकत. एका शेडच्या सावलीत धोंडबा पोत्यावर बसला होता. गमछा नाकाला बांधलेला. त्याचा खोकला दुरून ऐकू येत होता. कवडूला पाहून त्याने गमछा खाली केला.

"जय भीम," कवडू म्हणाला.

"या," धोंडबा म्हणाला. ओळख होती, पण आनंद नव्हता.

कवडू उभ्याउभ्याच बोलला. घरून ठरवून आणलेलं सगळं विसरला. "धोंडबाजी, तुम्ही पेट्रोल काढलं होतं. मी पुन्हा टाकलं. तुम्ही चहाले गेले तेव्हा. अन् हवालदारासमोर मी म्हटलं मले माहीत नाही. तुमचं काम माझ्यानं गेलं."

धोंडबा खोकला. खोकला थांबायला वेळ लागला. मग तो म्हणाला, "मले माहीत हाये."

"काय माहीत हाये?"

"तुम्ही टाकलं ते. चहा घेऊन आलो तर बाटली भिंतीशी रिकामी पडली होती. तुमच्या हातात पिशवी नाही, डबा नाही. पेट्रोल काय हवेत गेलं? अन् गाडी उचलली तेव्हा आत डुचमळून राहिलं होतं. अठरा वर्षं गाड्या उचलल्या मी, मले समजत नाही का?"

कवडू खाली बसला. "मग काहून नाही बोलले?"

"ट्रॅव्हल्स लागली होती. मालक शिव्या देऊन राहिला होता, लवकर करा, लवकर करा. पुन्हा गाडी उतरवा, पुठ्ठा काढा, नळी टाका, तोंडात घ्या. आला कंटाळा. म्हटलं, अर्धा लिटर तर हाये." धोंडबा मिरचीच्या ढिगाकडे पाहत बोलत होता. "हवालदार आला तेव्हा मी दारात होतो. म्हटलं, हा माणूस आता सांगते. तुम्ही सांगितलं नाही. मग मीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, माहीत होतं तर डिक्कीत टाकली काहून?"

"पण तुमचं काम गेलं."

"गेलं. बरोबर गेलं, असं मले वाटते." त्याने पहिल्यांदा कवडूकडे पाहिलं, आणि त्या नजरेत राग होता. "पण तुमच्यावर माझा दात हाये, हेही सांगतो. तुम्ही शिकलेले. पंपावरचे. माझी बायको घरी मले कामचुकार म्हणते अन् मी ऐकून घेतो, कारण अर्धं खरं हाये. उरलेलं अर्धं तुमचं हाये."

"मी जाऊन सांगतो," कवडू म्हणाला. "तुमचं नाव येऊ देत नाही."

"काहून? पुन्हा अर्धंच सांगता?" धोंडबा उठला, गमछा झटकला. "सांगायचं तर पुरं सांगा. मी येतो संगं."

दोघे एसटीने नगरकडच्या त्या पोलीस ठाण्यात गेले, कवडूच्या पुढच्या सुट्टीला. त्या हवालदाराने त्यांना ओळखलंच नाही आधी. ऐकून घेतलं आणि पेन कानावर खोचून बसला. "अहो, कागद जवळजवळ पूर्ण झाले आहेत. ट्रकवाल्यावर गुन्हा आहे. तुम्ही कशाला मानगुटीवर घेता?"

"लिहा साहेब," धोंडबा म्हणाला, "इतक्या दूरून आलो आम्ही."

लिहिलं. दोघांची नावं आरोपपत्रात गेली. ट्रॅव्हल्सच्या मालकाचंही गेलं, कारण चौकशी पुन्हा उघडल्यावर आणखी एक गोष्ट बाहेर आली. खिडकीची काच फोडायची हातोडी चोरीला जाऊ नये म्हणून तारेने पक्की बांधून ठेवलेली होती. त्या पहाटे चार जणांनी ओढूनही ती निघाली नव्हती.

खाप्याला मात्र कवडू एकटाच गेला. जायच्या आधी तीन वेळा वाटेतल्या सावनेरपर्यंत जाऊन परत आला होता.

दादाजी धकाते, सत्यवतीबाईंचे पती, अंगणात बसले होते. हातमागाचं गाव, त्यांच्या घरातही एक जुना माग भिंतीशी उभा होता, त्याच्यावर आता कपडे वाळत होते. कवडूने आपण कोण ते दारातच सांगितलं, आत बोलावण्याआधी. दादाजी आत पाहून म्हणाले, "अवं, त्या गाडीवाला माणूस आला हाये."

सत्यवतीबाई बाहेर आल्या. दोन्ही हातांची बोटं आत वळलेली, कातडी गुलाबी आणि चकचकीत. त्यांनी ते हात लपवले नाहीत. खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "बोला."

कवडू बोलला. त्यांनी मधे टोकलं नाही. मग त्या सांगू लागल्या, जणू त्यानेच विचारलं होतं. "मी खालच्या बर्थवर होती. डिक्कीच्या वरच. पहिले पाठीले गरम लागलं. मले वाटलं, एसी बिघडला. मग खालून धूर. दाराजवळ सगळे एकमेकांवर पडून राहिले होते. ती हातोडी निघेना. एका पोरानं मागची काच लाथेनं फोडली. मी दाराच्या दांड्याले धरून उभी होती, दोन लेकरं होती माझ्यापुढे, त्यांची माय घाबरून हलेना. तिले ढकललं, लेकरं ढकलली. दांडा तापला, पण सोडला असता तर मी मागे पडली असती. म्हणून नाही सोडला."

कवडूची मान वर होईना. "मले माफ करा, असं म्हणायलाही मी..."

"माफ-बिफ मले जमत नाही," त्या म्हणाल्या, तुसडेपणाने नाही, आपल्याला एखादी भाजी आवडत नाही असं सांगावं तसं. "पुढचं पुढे पाहू. गाडी कोणाची होती?"

"माझ्या पोरीची."

"तिले माहीत हाये का?"

"नाही."

"सांगा तिले."

"तिच्या मनाले लागन, बाई."

"लागू द्या. नाही सांगितलं तर उद्या ती आपल्या लेकरासाठी तेच करन. माझ्या जाग्यावर दुसरी बाई बसन." त्या उठल्या. "अहो, यांले चहा द्या. मी आत जाते."

चहा दादाजींनी केला होता म्हणून कवडूने संपवला.

फोनवर सांगायचं धाडस झालं नाही. उन्नती जानेवारीत चार दिवस घरी आली, तेव्हा पहिल्याच सकाळी त्याने तिला समोर बसवलं. यमुना स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. तो सांगत गेला आणि मुलीचा चेहरा बदलत गेला. ती रडेल असं त्याला वाटलं होतं. ती रडली नाही. म्हणाली, "मी विसरलीच होती बाबा. मी तुम्हाले म्हटलं होतं, हेच विसरली होती. इतके महिने मी सगळ्यांले सांगत होती, माझी गाडी जळाली, माझी गाडी जळाली."

"तुह्या म्हणण्यानं नाही बेटा. ओतलं मी. मले समजत होतं."

"मलेही समजत होतं," ती म्हणाली. "मी पंपवाल्याची पोरगी आहे ना."

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, मले खाप्याले न्या. यमुना नको नको म्हणत राहिली आणि मग डब्यात तिळाचे लाडू भरून दिले.

कोर्टाच्या तारखा सुरू आहेत. शिक्षा होईल की दंडावर सुटेल, वकिलालाही सांगता येत नाही. पंपमालकाने कवडूला काढलं नाही. त्याला ठेवून घेताना एवढंच म्हणाला, की नव्या पोरांना आता तू काय शिकवायचं ते तूच ठरव. कवडूने ठरवलं. वाफेबद्दल सांगून झालं की तो आपल्या स्कूटीचं सांगतो, नावागावासकट. पहिल्यांदा सांगताना एक पोरगी हसली, तिला वाटलं मास्तर गोष्ट रचून सांगतात. सुट्टीच्या दिवशी दुपारी तो गणेशपेठेत जातो. तिथल्या चार-पाच पार्सल ऑफिसांपैकी दोघांनी त्याला हाकललं, एकाने बसू दिलं. कोणी गाडी घेऊन आलं की पेट्रोल निघेपर्यंत आणि गाडी डिक्कीत जाईपर्यंत तो शेजारी उभा राहतो, टाकीचं झाकण उघडून आत पाहतो, बाटली मालकाच्या हातात देत नाही. लोक चिडतात. "तू कोण गा?" विचारतात. कधी कधी धोंडबाही येतो. त्याचा राग गेला आहे की नाही, हे कवडूला अजून कळलेलं नाही. दोघं फारसं बोलत नाहीत.

उन्नतीला घेऊन तो खाप्याला गेला तो दिवस थंडीचा होता. सत्यवतीबाई आंघोळ करून अंगणात उन्हाला बसल्या होत्या, ओले केस मोकळे. उन्नती त्यांच्या पायांशी बसली. दोघी काय बोलल्या, ते कवडूला ऐकू आलं नाही. दादाजींनी त्याला ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बसवलं होतं. थोड्या वेळाने सत्यवतीबाईंचा आवाज थोडा वर आला.

"वेणी घालता येते का वं तुले? यांच्या हातची वाकडी होते. गावात निघायची लाज वाटते."

उन्नती उठून त्यांच्या मागे गेली. फणी घेतली, केसांतला गुंता हळूहळू सोडवू लागली. कवडूने पाहिलं आणि मान फिरवली.

"तारीख कधीची हाये?" दादाजींनी विचारलं.

"अठ्ठावीस."

"आम्हालेही बोलावलं हाये," दादाजी म्हणाले. "तिच्याच्यानं एसटीचा दांडा धरवत नाही. सोबत कोणी असलं तर बरं."

"मी येतो घ्यायले," कवडू म्हणाला, आणि लगेच त्याला वाटलं, आपण हे म्हणायला नको होतं. पण दादाजींनी मान हलवली. "आदल्या दिवशी सकाळी सहाची गाडी हाये," ते म्हणाले, "उशीर करू नका."